पाखराच्या जवळ जाताना

गेल्या थंडीत माझ्या पुतण्याने एक कॅमेरा आणला. नवा नव्हे, जुनाच. ओळखीच्या माणसाकडून हप्त्याने घेतला. त्याला पुढे हातभर लांब नळी आहे. त्या नळीत भिंगे असतात. त्यामुळे दूरची वस्तू जवळ दिसते.

आमचे गाव उजनी धरणाच्या पाण्याकाठी आहे. भीमा नदीवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. जुनी गावे पाण्याखाली गेली, शेते गेली. पण जिथे पाणी उथळ आहे, तिथे चिखल झाला, शेवाळ वाढले, मासळी झाली, आणि मागोमाग पाखरे आली. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ ही नावे आता पुण्या-मुंबईच्या लोकांनाही पाठ झाली आहेत. थंडी पडली की तिकडची माणसे मोटारी घेऊन येतात. आमच्याकडचे मासेमार त्यांना होडीतून पाखरे दाखवतात आणि चार पैसे मिळवतात. पुतण्याच्याही मनात तेच होते. फोटो काढावेत, पाहुण्यांना दाखवावेत, जमल्यास विकावेत.

पहिल्या दिवशी तो संध्याकाळी घरी आला तो तोंड पाडून. चाळीस फोटो काढले होते. चाळीसांतही पाखरांच्या शेपट्या!

"तात्या, पाखरू थांबतच नाही हो. जरा जवळ गेलं की उडतंय."

"तू जातोस कसा ते मला दाखव," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे काठाला गेलो. पाण्यात एक मोठा राखी बगळा उभा होता. पुतण्याने त्याला पाहिले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि ताडताड पावले टाकीत सरळ त्याच्यावर निघाला. साठ-सत्तर पावलांवर बगळ्याने मान वर केली. पन्नासांवर तो उडाला.

"बघितलंत?"

"बघितलं. मी बगळा असतो तर मीही उडालो असतो."

आता, मंडळी, जरा पाखराच्या बाजूने विचार करून पाहा. कॅमेरा म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. आपण त्याचे चित्र काढणार आहोत, जीव घेणार नाही, हे त्याला कोण सांगणार? त्याला एवढेच दिसते, की कोणीतरी उंच, दोन पायांवर उभे, आपल्यावर डोळे रोखून सरळ चालत येत आहे. मांजर उंदरावर अशीच येते. शिकारीही असाच येतो. रोखलेली नजर आणि सरळ चाल, या दोन गोष्टी पाखराला घाबरवायला पुरेशा आहेत. त्यात कॅमेऱ्याचे ते भिंग म्हणजे एक भला मोठा डोळाच.

घुबड सोडले तर बहुतेक पाखरांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. आपल्याला पुढचे दिसते, त्यांना पुढचे, बाजूचे आणि बरेचसे मागचेही दिसते. बदकाला तर मान न वळवता जवळजवळ चहूकडचे दिसते. तेव्हा "ते तिकडे बघतंय, तोवर मी इकडून जातो" हा हिशेब बदकापाशी चालत नाही. तुम्ही दिसणारच. आपण दिसलो तरी त्याला आपली भीती वाटू नये, एवढेच आपल्या हातात आहे.

प्रत्येक पाखराची एक हद्द असते. त्या हद्दीच्या बाहेर तुम्ही असलात तर ते आपले चरत राहते. आत पाऊल टाकले की उडते. ही हद्द साऱ्यांची सारखी नसते. ढोकरी तुम्हांला माहीत आहे. बसलेली असली की मातीच्या रंगाची, उडाली की एकदम पांढरीशुभ्र. ती आपल्या रंगाच्या भरवशावर पायाजवळ जाईपर्यंत बसून राहते. चक्रवाक शंभर पावलांवरून ओरडायला लागतो. एकाच जातीच्या पाखराचीही हद्द जागेप्रमाणे बदलते. मासेमारांच्या वस्तीजवळचा बगळा जाळ्यातल्या टाकाऊ मासळीसाठी माणसाच्या चार हातांवर येऊन बसतो. तोच बगळा, जिथे पोरे गलोल घेऊन हिंडतात, तिथे डोळ्यांनी नीट दिसण्याआधीच पसार होतो. म्हणून नव्या जागी गेले की आधी ती हद्द समजून घ्यावी.

कशी समजून घ्यावी? पाहून. मी पुतण्याला म्हणालो, "तीन दिवस कॅमेरा घरी ठेव." तो रागावला. हप्ते चालू होते ना! पण आला.

पहिल्याच दिवशी आमच्या समोर म्हशी पाण्याकडे आल्या. मागे गायबगळे होते. म्हशीच्या पायांनी गवतातले किडे, टोळ उडतात, ते टिपायला हे बगळे तिच्या पायांत पायांत करतात. एका म्हशीवर एक पोर बसले होते, गाणे म्हणत होते. बगळे त्याच्यापासून हातभर अंतरावर. एकही उडाला नाही.

"आता सांग," मी विचारले, "त्या पोराला का भीत नाहीत?"

पुतण्याने थोडा विचार केला. "ते पोरगं त्यांच्याकडं बघतच नाही. आणि उभंही नाही."

त्याने बरोबर सांगितले. शाळेत असता तर मी पाठ थोपटली असती. तो पोरगा बगळ्यांच्या दृष्टीने म्हशीचाच एक भाग होता. बैलगाडी, एसटी, मोटार यांनाही पाखरे फारशी भीत नाहीत. तारेवरचा कोतवाल गाडी जवळ थांबली तरी बसून राहतो. तुम्ही दार उघडून पाय खाली टाकला की उडतो. म्हणून पुष्कळ फोटोवाले गाडीतून उतरतच नाहीत, काचेवर उशी ठेवून तिथूनच फोटो काढतात.

पण ज्याला गाडी नाही त्याने काय करावे? त्याने चालायला शिकावे. हसू नका. चालणे सर्वांना येते, पण पाखराजवळ चालणे शिकावे लागते.

मी पुतण्याला एकच गोष्ट पाठ करायला दिली. त्याची मान वर, तुझे पाय थांबले. त्याची चोच खाली, तुझे एक पाऊल पुढे.

राखी बगळा निवांत असतो तेव्हा मान खांद्यात ओढून घेतो, किंवा तिला वाकडी ठेवून पाण्यात पाहत राहतो. तुमचा संशय आला की मान काठीसारखी सरळ उभी होते. हा पहिला इशारा. इथे थांबायचे. नुसते थांबायचे नाही, नजर दुसरीकडे न्यायची. जमिनीकडे पाहायचे, शेण्या गोळा करणारी बाई पाहते तसे. दोन मिनिटे, पाच मिनिटे, कधी दहा. बगळ्याला वाटते, हे काही माझ्यासाठी आलेले नाही. मान पुन्हा खाली येते. मग एक पाऊल, तेही सरळ नाही. त्याच्या बाजूने निघून जायचे आहे असे दाखवीत तिरपे. दहा पावले डावीकडे तिरपे, मग दहा उजवीकडे. वाट लांबते. लांबू द्यावी.

मान वर करून त्याने अंगही पुढे झुकवले, पाय किंचित वाकवले, तर समजावे की तो निघाला. हा दुसरा इशारा. इथे नुसते थांबून भागत नाही. सावकाश दोन पावले मागे यावे. आमचे पोर मागे यायला तयार नसे. "इतकं जवळ आलो, आता मागं कशाला?" पण दोन पावले मागे आले की बगळा बहुधा राहतो, आणि तो राहिला तर पुन्हा पुढे जाता येते. उडाला तर ती सकाळ गेली.

जवळ पोहोचलात की उभे राहू नका. आधी वाका, मग बसा, मग जमले तर पोटावर सरका. बसलेला माणूस पाखराला लहान दिसतो. शिवाय पाखराच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला फोटो चांगला येतो. वरून काढला की पाखरू अंगणातल्या कोंबडीसारखे दिसते. माझे गुडघे आता बसू देत नाहीत. मी मागे बांधावर राहून पुतण्याला हाताने खुणा करीत असे.

आणि एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. फोटो निघाला की लोक आनंदाने उठून उभे राहतात! पाखरू दचकून उडते. तसे करू नये. जसे आलात तसेच सावकाश परत जा. तुम्ही गेल्यावरही ते तिथेच चरत राहिले पाहिजे. उद्या तुम्हांला, किंवा दुसऱ्या कोणाला, त्याच पाखराजवळ जायचे आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. पांढरा सदरा घालू नये, मातकट कपडे घालावेत. चेहरा आणि हात उन्हात चमकतात, म्हणून टोपी घालावी व हात हलवू नयेत. मोबाइलचा आवाज बंद ठेवावा. कॅमेऱ्याची टिकटिकही बंद करता येत असेल तर करावी. ऊन आपल्या पाठीवर असावे, म्हणजे पाखरावर उजेड पडतो. सकाळी ऊन कोवळे असते तेव्हाचे फोटो उत्तम. वाऱ्याकडेही लक्ष असू द्यावे. पाखरे उतरताना आणि उडताना तोंड वाऱ्याकडे करतात. वारा आपल्या पाठीमागून वाहत असेल तर ती आपल्याकडे तोंड करून उतरतात. हे कळल्यावर पुतण्याच्या फोटोंतल्या शेपट्या कमी झाल्या.

सहाव्या की सातव्या दिवशी तो त्याच बगळ्यापासून पंचवीस पावलांवर पोहोचला. पन्नास पावलांवरून पंचवीसवर यायला त्याला सव्वा तास लागला. बगळ्याने त्याच्या देखत मासा धरला, उलटा केला, डोके आधी घालून गिळला. तो फोटो आमच्या घरी भिंतीवर आहे.

पाखराकडे जाण्यापेक्षा पाखराला आपल्याकडे येऊ देणे हा दुसरा मार्ग. त्यासाठी आडोसा करतात. जंगलात हिंडणारे त्याला लपण म्हणतात. चार काठ्या, वर गोणपाट, पुढे भिंगापुरते भोक. हे लपण एकदम पाखराच्या पुढ्यात उभे करायचे नाही. आधी दूर उभे करावे, दुसऱ्या दिवशी थोडे पुढे सरकवावे, तिसऱ्या दिवशी आणखी थोडे. पाखरांना त्याची सवय झाली पाहिजे. कापड वाऱ्याने फडफडू नये म्हणून दगड लावावेत. आत शिरताना आणखी एक युक्ती करतात. दोघांनी मिळून जायचे, एकाने आत बसायचे, दुसऱ्याने उघड उघड परत जायचे. पुष्कळ पाखरांना माणसे मोजता येत नाहीत. माणूस आला आणि गेला, असे त्यांना वाटते व ती परततात.

या युक्त्या आजच्या नाहीत. इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी केअर्टन असे दोघे भाऊ होते. शेतकऱ्याची मुले. १८९५ साली त्यांनी पाखरांच्या घरट्यांवर एक पुस्तक काढले. त्यातली चित्रे हाताने काढलेली नव्हती, प्रत्यक्ष जागेवर घेतलेले फोटो होते. त्या काळचे कॅमेरे पेटीएवढे, भिंगेही आजच्यासारखी लांब पल्ल्याची नाहीत. अगदी जवळ गेल्याशिवाय फोटो नाही. तेव्हा १९०० च्या सुमारास या भावांनी काय केले? लाकडाचा सांगाडा केला, त्यावर बैलाचे कातडे चढवले आणि पोकळ बैल तयार केला! एक भाऊ कॅमेरा घेऊन बैलाच्या पोटात उभा राही. पाखरांना बैल रोजचाच, ती जवळ येत. एकदा आत वाकून वाकून उभ्या राहिलेल्या भावाला घेरी आली आणि बैल चारी पाय वर करून आडवा पडला. आपल्याकडे बैलपोळ्याला बैलाची पूजा होते, पण बैलाने पाखरांचे फोटो काढल्याचे मी दुसरीकडे कुठे वाचलेले नाही.

आपल्याकडचे मोठे नाव म्हणजे डॉक्टर सालिम अली. जन्म मुंबईचा, १८९६ सालचा. १९८७ साली ते वारले. १९३० साली ते अलिबागजवळ किहीमला राहत होते. नोकरी नव्हती. घराजवळच्या झाडावर सुगरणींनी खोपे बांधायला घेतले होते. सालिम अलींनी झाडाजवळ उंच शिडीवर कापडाचा आडोसा केला आणि त्यात बसून ते रोज तासन्‌तास पाहत राहिले. विहिरीवर लोंबणारे खोपे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. नाव सुगरणीचे, पण खोपा विणतो नर. अर्धा झाला की मादी येऊन आत-बाहेर पाहते. पसंत पडला तर तिथे संसार मांडते. मग नर खोपा पुरा करतो, आणि पुढे काय करतो? दुसरा खोपा बांधायला घेतो आणि दुसरी मादी आणतो! एका नराचे असे दोन-तीन संसार होतात. ही गोष्ट सालिम अलींनी नीट पाहून, लिहून जगापुढे मांडली. ते शिडीवर बसले, पाखरांच्या मागे धावले नाहीत, म्हणून त्यांना ती दिसली.

आता होडीचे सांगतो, कारण तुमच्यापैकी कित्येकांचा तो धंदा आहे.

आमच्याकडचे मोठे आकर्षण म्हणजे रोहित. त्याला अग्निपंखही म्हणतात. पोरे फ्लेमिंगो म्हणतात. लांब गुलाबी पाय, वाकडी चोच. डोके उलटे करून चोच पाण्यात घालतो आणि चिखलातले बारीक जीव, शेवाळ गाळून खातो. त्याच्या अन्नातूनच त्याला तो गुलाबी रंग येतो. पिल्ले इथे होत नाहीत. त्यासाठी तो कच्छच्या रणासारख्या जागी जातो. आपल्याकडे तो येतो पोट भरायला. बसलेला असताना बराचसा पांढरा दिसतो. उडाला की पंखांचा लाल आणि काळा रंग उघडतो. म्हणून फोटोवाल्यांना तो उडताना हवा असतो. इथेच सारी गडबड होते.

मागच्या फेब्रुवारीत मी होडीतून गेलो होतो. होडीवाले आमच्या नात्यातले नाहीत, पण गावात सगळे त्यांना मामा म्हणतात. होडीत शहरचे तिघे पाहुणे होते. समोर चारपाचशे रोहित चरत होते. पाहुणे म्हणाले, "मामा, इंजिन चालू करा आणि जोरात न्या. उडाले पाहिजेत. वर पाचशे रुपये देतो."

मामांनी इंजिन बंदच ठेवले. म्हणाले, "पाचशे नकोत, साहेब. ही एवढी मोठी पाखरं, त्यांना नुसतं उडता येत न्हाई. पाण्यावरनं पळत पळत मग उठत्यात. किती दम लागत असंल? आणि आज उडवली तर उद्या पल्याडच्या काठाला बसतील. मग उद्याच्या गिऱ्हाइकाला मी काय दावू? पाणी?"

मला त्यांचे बोलणे फार पटले. चरणाऱ्या पाखराला दिवसातून पाच-सहा वेळा उडवले, तर त्याचे खाणे कमी होते आणि खर्च वाढतो. दूरच्या प्रवासाला निघण्याआधी अंगावर चरबी धरावी लागते, ती धरत नाही. आपल्या पाण्यावर येणारा पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतो आणि परत हिमालय ओलांडून जातो. त्याची वाटखर्ची तो इथल्या चरण्यावर जमवतो.

मामांनी बांबूने होडी सावकाश सरकवली. थव्याच्या अंगावर नेली नाही, बाजूला नेली. जिकडे थवा चरत चरत चालला होता त्या बाजूला, बऱ्याच अंतरावर चिखलात बांबू रोवून होडी उभी केली. "आता गप बसा," म्हणाले. पाहुणे चुळबुळ करीत होते. वीस-पंचवीस मिनिटे गेली. रोहित चरत चरत आपण होऊन होडीकडे आले. इतके जवळ, की चोचीतून पाणी गाळल्याचा आवाज ऐकू यायला लागला. पुढे तासाभराने सगळा थवा एकदम उठला. कशाने उठला ते कळले नाही. त्या वेळी तिघांपैकी दोघे पाहुणे चहा ओतत होते! एकालाच फोटो मिळाला. पण जाताना त्यांनी मामांचा फोन नंबर लिहून घेतला.

इथवर सांगितले ते जवळ कसे जावे याबद्दल. आता कुठे जाऊ नये ते सांगतो. हे सांगताना मला स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी फारशी कोणाला सांगितलेली नाही.

१९९२ चा एप्रिल महिना. शाळेला सकाळची वेळ होती. दुपारी मोकळा असे. एका मित्राचा रोळाचा कॅमेरा मी मागून आणला होता. माळावर टिटवीचे घरटे सापडले. टिटवीचे घरटे म्हणजे काय, जमिनीवर जराशी खोलगट जागा, भोवती चार खडे. त्यात चार अंडी होती. मातीच्या रंगावर काळे ठिपके, टोके आत. मला वाटले, टिटवी अंड्यांवर बसताना फोटो घ्यावा. पंधरा पावलांवर छत्री उघडून बसलो. साडेअकरा वाजले होते. टिटवी उडाली, डोक्यावर घिरट्या घालीत ओरडू लागली. मी म्हटले, येईल. ती खाली उतरे, धावत अर्ध्या वाटेपर्यंत येई, मला पाही आणि परत उडे. तिचा जोडीदारही तसेच करी. मी हट्टाला पेटलो. दोन वाजेपर्यंत बसलो. शेवटी नुसत्या अंड्यांचा एक फोटो काढून घरी आलो.

माझी समजूत अशी होती, की अंड्यांना ऊब लागते, आणि ऊन तर भरपूर आहे. मग टिटवी तासभर नसली तर काय बिघडते? मी मुलांना निसर्गाचे पाठ शिकवणारा माणूस, आणि मला एवढेही ठाऊक नव्हते की भर उन्हाळ्यात टिटवी दुपारी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. ऊन फारच चढले तर ती पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसते. तापलेल्या जमिनीवर उघडी राहिली तर अंड्यांतले जीव भाजून मरतात.

मी गेल्यावर टिटवी परत बसली. पुढेही मी दुरून पाहत असे, ती बसलेली दिसे. टिटवीची अंडी फुटायला सुमारे चार आठवडे लागतात. पाच आठवडे झाले. एक दिवस टिटवी दिसली नाही. जवळ जाऊन पाहिले तर चारही अंडी तशीच. एक फोडले. आत अर्धवट घडलेले पिल्लू होते. ती माझ्या दुपारीच गेली असतील का, याला साक्षीदार नाही. पण मी तसेच धरून चालतो. ती टिटवी पाच आठवडे मेलेल्या अंड्यांवर बसून होती.

म्हणून घरट्याजवळ फोटोसाठी जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काही लोक घरटे नीट दिसावे म्हणून पुढची फांदी कापतात. ती फांदीच घरट्याची सावली असते आणि कावळ्यापासूनचा पडदाही तीच. माणूस घरट्यापाशी घुटमळला की कावळ्याला जागा कळते, मुंगसाला वास लागतो. काही जण मोबाइलवर पाखराची साद वाजवतात. पाखराला वाटते, आपल्या जागेत दुसरा नर घुसला. ते चारा टाकून, पिल्ले टाकून भांडायला येते आणि फोटोवाल्याचे काम होते. असली चलाखी करू नये. पाखरांचे आईबापही कधी कधी हिसका दाखवतात. एरिक हॉस्किंग नावाचे इंग्लंडचे नामांकित पक्षिचित्रकार होते. १९३७ साली रात्रीच्या अंधारात घुबडाच्या घरट्यापाशी गेले असता घुबडाने झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा गेला. बिचारी टिटवी एवढे करू शकत नाही. ती नुसती ओरडते.

कायदाही माहीत असू द्या. आपल्या देशात १९७२ साली वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात शिकार या शब्दाचा अर्थ नुसता मारणे असा नाही. रानपाखरांची अंडी फोडणे, अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे, हेही त्या कायद्याने शिकारीतच मोडते. बंदूक हातात नसली, कॅमेरा असला, तरी. अभयारण्यात फोटो काढायला जायचे तर वनखात्याची परवानगी घ्यावी लागते.

यंदा एप्रिलात पाणी उतरले. गाळपेराच्या शेतात पुतण्याला टिटवीचे घरटे सापडले. तो पळत घरी आला. "तात्या, अंडी हायत! चार! लपण कुठं लावू?" मी काही बोललो नाही. पेटीतून तो जुना फोटो काढला आणि त्याच्या हातात दिला. मग वर लिहिलेली सारी हकिकत सांगितली. तो बराच वेळ फोटो पाहत बसला. मग उठून शेतमालकाकडे गेला. ट्रॅक्टर यायचा होता. मालकाला जागा दाखवून त्याने तेवढा तुकडा नांगरायचा ठेवायला लावला. मालक आधी कुरकुरला, मग कबूल झाला. पुढे काय झाले ते आम्ही बांधावरून पाहिले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात लोकरीच्या गुंड्याएवढी तीन पिल्ले टिटवीच्या मागे धावताना दिसली. फोटोत ती मुगाच्या दाण्याएवढी आली आहेत.

उन्हाळ्यात दुपारी काठाला जाण्यात अर्थ नसतो. तेव्हा आम्ही घरीच उद्योग केला. ज्याच्याकडे लांब भिंगाचा कॅमेरा नाही, नुसता मोबाइल आहे, किंवा तोही नाही, नुसते डोळे आहेत, त्यालाही हा करता येईल. मातीचे एक पसरट भांडे घ्यावे. पाणी चार बोटांपेक्षा खोल नको. मध्ये एक दगड ठेवावा, म्हणजे लहान पाखराला उभे राहता येते. भांडे सावलीत ठेवावे, पण मांजराला दबा धरता येईल अशा झुडपाजवळ नको. शेजारी एक वाळकी काटेरी फांदी रोवावी. पाखरू आधी फांदीवर बसते, चहूकडे पाहते, मग खाली उतरते. पाणी रोज बदलावे, भांडे रोज घासावे. आणि आपण दाराच्या आत, अंधाराच्या बाजूला बसावे. घर हेच लपण.

पहिल्या दिवशी फक्त कावळा आला आणि भाकरीचा तुकडा बुडवून गेला. दुसऱ्या दिवशी साळुंक्या आल्या. चिमण्या चौथ्या दिवशी. आठवड्याने बुलबुलाची जोडी यायला लागली, ठरल्या वेळी, अकराच्या सुमारास. पुतण्या दारात बसतो, माझी सून पाणी बदलते, आणि नातवाने भिंतीवर कोळशाने कोण कधी आले त्याच्या रेघा ओढल्या आहेत. मेच्या शेवटी एक दिवस शिक्रा येऊन भांड्यात उभा राहिला. त्या वेळी बाकी सारी पाखरे गप्प होती.